बादशहाचं डोकं रोमन, पण अक्षरं ग्रीक : हे कांस्याचं नाणं खोटं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की एका बाजूला रोमन बादशहा, तर दुसऱ्या बाजूला रथावरचा कुणी योद्धा आणि ग्रीक अक्षरं, मग नाणं बनावट तर नाही? तेवढ्यावरून बनावट ठरवू नका. रोमच्या पूर्वेकडच्या प्रांतांत हे सर्रास चालायचं.

सोन्याचांदीवर रोमचा ताबा होता. भाजी-पावाला लागणारी चिल्लर मात्र शहरं आपापल्या नावाने पाडायची. चांदी मोडायला सराफाकडे गेलं की बट्टा बसायचा. आशिया मायनरमधल्या पर्गमॉन शहराच्या शिलालेखात भावच दिलाय: सराफ दिनार (चांदीचं नाणं) घेणार 17 आसांना (आस म्हणजे चिल्लर नाणं), विकणार 18 ला.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून मला इलियन आठवलं. म्हणजे ट्रॉयच, आजच्या तुर्कस्तानातली हिसार्लिकची टेकडी. रोमन काळात गाव लहानसंच, पण ऑगस्टस बादशहापासून गॅलिएनस बादशहापर्यंत अधूनमधून तिथली नाणी निघत राहिली. त्यातलं एक मी पहिल्यांदा भिंगाखाली धरलं तेव्हा घोड्यांचे पाय झिजून सपाट झाले होते, वरचं नाव मात्र लागत होतं: हेक्टोर. आणि त्यासोबत ‘इलिएओन’. हे गावाचं नाव नाही. अर्थ होतो ‘इलियनकरांचं’. आपण सातारकरांचं, पुणेकरांचं म्हणतो, अगदी तसंच. नाणं गावकऱ्यांचं, आणि ते तसं सांगतं. मला ही दोन अक्षरी-चार अक्षरी नावं बादशहाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त मोलाची वाटतात.

हेक्टर (नाण्यावरचा हेक्टोर) हा ट्रॉयच्या युद्धात हरलेला ट्रॉयचाच वीर, तरी गावाने तोच मिरवला. काही नाण्यांवर म्हाताऱ्या बापाला, अँकायसिसला, खांद्यावर घेऊन निघालेला ट्रॉयचाच दुसरा वीर एनियस दिसतो. त्यात भक्ती होती आणि व्यवहारही होता, कारण रोमन लोक स्वतःला एनियसचे वंशज मानत. इसवी सन 53 मध्ये तरुण नीरोने हेच नातं पुढे करून इलियनची बाजू मांडली आणि तेव्हाचा बादशहा क्लॉडियस याने गावाचे कर कायमचे माफ केले.

तिसऱ्या शतकात रोमची चांदी इतकी हिणकस झाली की गावोगावी कांस्य पाडणं परवडेना, आणि टांकसाळी एकेक करून थंडावल्या.

खरं-खोटं बघायला नाण्याच्या कडेचा फोटो टाका. ओतीव नक्कल असेल तर बहुतेक वेळा कडेला साच्याचा जोड दिसतो. ठशाने पाडलेल्या नाण्याला तो सहसा नसतो. आणि तिरपा उजेड पाडून रथाच्या आसपासची अक्षरं वाचा, ‘इलिएओन’ लागतंय का ते कळवा.