‘बिल्डिंग ब्लॉक’ म्हणजे घटक का?

प्रश्न असा आला आहे : सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्रावर (पक्क्या बंधांशिवाय एकत्र राहणाऱ्या रेणूंच्या अभ्यासावर) मराठीत लिहिताना मोठ्या कड्याच्या ‘होस्ट’ रेणूला यजमान म्हणावे का, आणि तो ज्यांपासून बनवतात त्या ‘बिल्डिंग ब्लॉक’ला घटक म्हटले तर चालेल का?

यजमान खुशाल म्हणा. मूळचा यज्ञ करणारा, पुढे पाहुण्यांची सरबराई करणारा (‘आमचे यजमान’ म्हणजे नवरा, तो अर्थ इथे आड येत नाही). कड्याच्या पोकळीत दुसरा रेणू किंवा आयन शिरतो, पण सहसा पक्क्या सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या) बंधाने अडकत नाही. म्हणून तो पाहुणाच. जीवशास्त्रातला ‘पोषक’ मात्र नको. इथे कोणी कोणाच्या जिवावर जगत नाही.

घोळ आहे तो ‘घटक’मध्ये. कुकुरबिट्युरिल हा यजमान रेणू घ्या. हे नाव भोपळ्याच्या कुळावरून पडले, कारण रेणूचा आकारच तसा, वरखाली उघडा. ग्लायकोल्युरिल आणि फॉर्माल्डिहाइड आम्लात तापवले की तो तयार होतो. सहा एककांच्या कड्यात ग्लायकोल्युरिलच्या प्रत्येक शेजारजोडीत दोन, असे एकूण बारा मिथिलीन (CH₂) पूल असतात. फॉर्माल्डिहाइडचा ऑक्सिजन आणि ग्लायकोल्युरिलच्या नायट्रोजनांवरचे हायड्रोजन पाणी होऊन निघून गेलेले असतात. आता ‘फॉर्माल्डिहाइड हा कुकुरबिट्युरिलचा घटक’ असे लिहिले, तर वाचक तो कड्यात शोधत बसेल.

म्हणून मी दोन शब्द ठेवतो. फ्लास्कमध्ये पडतो तो ‘बांधणीचा रेणू’, तयार कड्यात पुन्हा पुन्हा दिसते ते ‘एकक’. ‘जोडरेणू’ आटोपशीर वाटतो खरा, पण जोडाक्षराच्या धर्तीवर त्याचा अर्थ ‘जोडून झालेला रेणू’ असा लागेल. ‘पूर्वगामी’ही सुचवला जातो, तो फार सैल आहे, कारण वाटेतल्या कुठल्याही टप्प्याचा रेणू पूर्वगामीच. बांधणीच्या रेणूला जोडणीसाठी योग्य जागी टोके असावी लागतात. रसायनशास्त्रज्ञ पेडरसन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्राउन ईथरच्या (ऑक्सिजन असलेल्या कड्याच्या रेणूच्या) बांधणीत एकीकडे कॅटेकॉलचे शेजारशेजारचे दोन हायड्रॉक्सिल गट होते, दुसरीकडे दोन्ही टोकांना क्लोरीन असलेला ईथर. क्लोरीन मिठावाटे बाहेर पडला आणि कडे जुळले.

ज्याच्याभोवती कडे जुळते त्या ‘टेम्प्लेट’ला ‘साचा’ चालतो, फक्त एक लक्षात असू द्या. १८-क्राउन-६ (कड्यात अठरा अणू, त्यांतले सहा ऑक्सिजन) हा क्राउन ईथर बनवताना लांब साखळी पोटॅशियमच्या आयनाभोवती वळते आणि तिची टोके जवळ येतात. म्हणजे इथला साचा बाहेरून आकार देणारा नाही, आत बसलेला आहे. पाहुणा आधी हजर, यजमान मागाहून.