घरामागच्या छोट्या, जमिनीवर उभ्या केलेल्या पूलसाठी कुठला हीटर घ्यावा? (न्यू जर्सी, १५ फूट व्यास, साडेतीन फूट पाणी)

मे ते सप्टेंबर जवळजवळ रोज पोहणार असाल तर छोटा हीट पंप घ्या, पण त्याच्याही आधी पाण्यावर पसरायचं बबल कव्हर घ्या. हिशेब सरळ आहे: तुमच्या पूलमध्ये साधारण १७,५०० लिटर पाणी मावतं. ते १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे २० युनिट वीज लागते, म्हणजे ५ अंशांना १००. ३ किलोवॉटचा साधा कॉइलवाला हीटर त्यासाठी ३३-३४ तास चालेल, आणि रात्री पाणी उघडं राहिलं तर बरीचशी ऊब वाफेबरोबर निघून जाईल. हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे उबदार दिवशी तेच काम २०-२५ युनिटांत होतं. मात्र हवा १० अंशांच्या खाली गेली की तो मान टाकतो. फक्त शनिवार-रविवारी झटपट पाणी तापवायचं असेल तर गॅसचा हीटर बरा, बिल मात्र सोसावं लागेल.

घेण्याआधी:
- हीटरला पाण्याचा किमान किती प्रवाह लागतो ते लेबलवर वाचा. पूलसोबत आलेला पंप बहुतेक वेळा कमी पडतो.
- हीटर फिल्टरच्या नंतर, क्लोरिनेटरच्या (पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या उपकरणाच्या) आधी जोडा.
- जीएफसीआय (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण) आणि वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. बादलीतला रॉड पूलमध्ये टाकायचा विचारही नको.