आंबा घाटात दिसलेली गोल बाहुलीची पाल नवीन प्रजाती असू शकते का?

आंबा घाटातील एका खडकावर भरदिवसा आपल्याला एक लहानशी पाल दिसली, तिच्या डोळ्यातील बाहुली घरातल्या पालीसारखी उभी नसून गोल होती आणि जवळच्या पुस्तकातील एकाही चित्राशी ती जुळली नाही. ही नवीन प्रजाती असेल का, ते कोण ठरवते आणि तिला आपले नाव देता येईल का, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवताना पालींच्या मोजमापाचे काम माझ्या हातून झाले आहे, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

गोल बाहुली आणि दिवसाचा वावर पाहता ही पाल निमास्पिस गटातील असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र पुस्तकात नाही म्हणजे विज्ञानाला माहीत नाही, असे होत नाही. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाजीपूरच्या पालीचे ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ असे नामकरण २००९ मध्ये केले, कासच्या पठारावरील ‘निमास्पिस गिरी’ २०१४ मध्ये आली आणि आपण उभे होतात त्या आंबा गावाच्या नावाची ‘निमास्पिस अंबा’ २०१९ मध्ये कोयनेच्या एका पालीसोबत प्रसिद्ध झाली. त्याआधी छापलेल्या पुस्तकात ती सापडणारच नाही. त्यामुळे आपली पाल ‘अंबा’च आहे का, हे आधी तपासावे लागेल, आणि माझा कौल तिकडेच आहे.

तरीही नवीन प्रजातीची शक्यता मी फेटाळत नाही. या पाली खडकाच्या कपारी आणि झाडांची खोडे सोडून फार दूर जात नाहीत. मधली दरी किंवा कोरडा पट्टा ओलांडणे त्यांना जमत नसल्याने दोन डोंगरांवरच्या पाली लाखो वर्षे वेगळ्या राहू शकतात आणि तरी वरून पाहता सारख्याच दिसतात.

नेमकी इथेच छायाचित्राची मर्यादा येते. पाठीवरचे ठिपके आणि रंग एकाच प्रजातीत बदलतात, म्हणून खरे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. लांबी नाकाच्या टोकापासून अवस्कराच्या, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या उत्सर्जनाच्या, छिद्रापर्यंत घेतात आणि शेपटी वेगळी मोजतात, कारण ती तुटून पुन्हा उगवलेली असू शकते व उगवलेल्या भागावरचे खवले मूळ खवल्यांसारखे नसतात. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या, पोटावरचे खवले गुळगुळीत आहेत की मध्ये उंच रेघ असलेले, कुशीवर काटेरी उंचवटे आहेत की नाहीत, हे सगळे एकेक करून नोंदवतात. सर्वांत बोलके लक्षण म्हणजे नराच्या मांड्यांवर आणि अवस्करापुढे असणारी बारीक छिद्रे. कोल्हापुरेन्सिसच्या नरात ती एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग ओळीत असतात, तर ‘निमास्पिस गिरी’च्या नरात ती फक्त मांड्यांवर असून मधला भाग मोकळा असतो. या दोघींचे नर शेजारी ठेवले तर वाद उरत नाही, पण हाती फक्त मादी असेल तर तज्ज्ञालाही अडायला होते. आपली पाल नर होती की मादी, हे पाठीवरून काढलेल्या छायाचित्रात कळत नाही.

ही लक्षणे मग आधी नाव मिळालेल्या जवळच्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी, म्हणजे होलोटाइपशी, ताडून पाहतात. ते नमुने कधी मुंबईत, कधी बंगळुरूत, तर जुने असल्यास लंडनच्या संग्रहालयात असतात, म्हणून या टप्प्यालाच बराच काळ लागतो. सोबत डीएनएची तुलना होते. केवळ डीएनएमधील फरकाच्या टक्केवारीवर नवीन नाव ठोकून देणे मला पटत नाही. शरीररचना, डीएनए आणि वावराची जागा या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोलल्या तर दावा टिकतो. यावर शेवटचा शिक्का मारणारे सरकारी कार्यालय नाही. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार वर्णन, होलोटाइप आणि नाव शोधनिबंधात प्रसिद्ध झाले की नाव वैध ठरते, आणि पुढे दुसऱ्या कुणी ती जुनीच प्रजाती असल्याचे दाखवले तर ते मागेही पडते. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार असा नमुना अधिकृत संग्रहात जमा करणेही बंधनकारक आहे.

नावाविषयी सांगायचे तर ते निबंधाचे लेखक ठरवतात. स्वतःचेच नाव देण्यास संहितेत थेट मनाई नसली तरी ते अभिरुचीला सोडून मानले जाते. शोधून देणाऱ्याचे नाव लेखकांनी कृतज्ञतेने दिल्याची उदाहरणे मात्र आहेत.

आपण पाल पकडू नये. परवानगीशिवाय जंगलातून प्राणी उचलणे कायद्याच्या कचाट्यात सापडण्यासारखे आहे. त्याऐवजी पुन्हा जाल तेव्हा बाजूने, डोक्याजवळून आणि ती कपारीच्या छतावर असल्यास खालून छायाचित्रे घ्या, वेळ, उंची आणि पृष्ठभाग कोणता होता ते लिहा आणि ही नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. पालींवर काम करणारी मंडळी तिथे नोंदी पाहत असतात, आणि मांडीवरची छिद्रे एका जरी छायाचित्रात दिसली तरी त्यांचे निम्मे काम होईल.