स्वीडनमधल्या डालार्नात शेतावर राहायला येताय? मग डिसेंबर-जानेवारीच्या सणांचं असं आहे

तुम्ही विचारलंय की यजमानांना बोर्लेंगेत नोकरी मिळतेय, लेक्सांडच्या बाजूला शेतघर घ्यायचं मनात आहे. पण पहिला हिवाळा आणि नाताळ त्या रानात एकट्यानंच काढावा लागेल का? सात वर्षांच्या लेकीला सण सणासारखा वाटेल का? आणि सासूबाईंना डिसेंबरात बोलवावं का? मी याच भागात शेतावर राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते: 24 डिसेंबरवर आस लावून बसू नका. स्वीडनमध्ये नाताळचा खरा दिवस तोच, पण तो घरच्यांचा. आजी-आजोबा, मुलं, नातवंडं एका छताखाली जमतात आणि बाहेरच्याला सहसा बोलावणं नसतं. हिवाळाभर तुमचा बर्फ ओढून देणारा शेजारीही त्या दिवशी बोलावेलच असं नाही. त्याला तुम्ही परके वाटता असा अर्थ काढू नका, इथली रीतच तशी आहे. दुपारी तीनला टीव्हीवर डोनाल्ड डकचा जुना कार्यक्रम लागतो, त्या वेळी तर कुणाला फोनसुद्धा करू नये. नव्या माणसासाठी उघडे असलेले सण त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे आहेत. तिथे मात्र नक्की जा, आमंत्रणाची वाट पाहू नका.

सुरुवात होते नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून. पहिल्या रविवारी घरोघरी खिडकीत सात दिव्यांची विजेची दीपमाळ आणि कागदी चांदणी लागते. ती चांदणी आपल्या आकाशकंदिलाची सख्खी बहीणच म्हणायची. दिवाळीचा कंदील उतरवू नका, तो आणि चांदणी शेजारी-शेजारी लावा. डिसेंबरात इथे सूर्य नऊनंतर उगवतो आणि तीनच्या आत मावळतो, त्यामुळे खिडकीतला दिवा ही शोभेची वस्तू राहत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला घर जागं दिसतं. याच सुमारास गावाची जुनी घरं जपणाऱ्या मंडळाच्या आवारात नाताळबाजार भरतो. लोकरीचे मोजे, मध, गवताचे बोकड, गरम ग्लॉग (मसाला घातलेली वाइन) असं सगळं मिळतं. तिथे उभ्या उभ्या दोन-चार ओळखी होतात. मदतीला माणसं हवीच असतात, टेबलं लावायला नाव द्या.

मग 13 डिसेंबरची लुसिया. माझ्या मते या सगळ्या काळातला हा सर्वात सुंदर सण, आणि लहान मूल असलेल्या घरासाठी सर्वात सोपा. जुन्या पंचांगात हीच रात्र वर्षातली सर्वात मोठी मानत. पहाटेच्या अंधारात शाळेत किंवा चर्चमध्ये सगळे दिवे मालवतात. मागच्या दारातून आधी फक्त गाणं ऐकू येतं, मग पांढऱ्या झग्यातली, कमरेला लाल पट्टा बांधलेली मुलगी डोक्यावर दिव्यांचा मुकुट घेऊन सावकाश चालत येते. मोठ्या मुलीच्या मुकुटात खऱ्या मेणबत्त्या असतील तर केसांवर ओला रुमाल ठेवलेला असतो. लहानग्यांच्या मुकुटात बॅटरीचे दिवे. मागून चांदण्यांच्या उंच टोप्या घातलेले मुलगे येतात. लहान वर्गांत बहुतेक ठिकाणी कोणी काय व्हायचं ते मूलच ठरवतं. लेकीला आधी विचारा आणि झगा नोव्हेंबरातच घेऊन ठेवा.

त्या दिवशी केशराचे गोड पाव करतात, इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले, दोन्ही टोकांना एकेक बेदाणा. केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं आणि बऱ्याच दुकानांत ते गल्ल्यापाशी मागून घ्यावं लागतं. चिमूटभर साखरेबरोबर खलून कोमट दुधात भिजवायचं. हे काम आपल्याला कुणी शिकवायला नको. शेजाऱ्यांकडे डबा भरून पाठवा. परतीचा डबा रिकामा येणार नाही.

आता शेतघराची बाजू, कारण सणात विघ्न आणते ती हीच. वादळात झाडं तारांवर पडली की वीज जाते. वीज गेली की घर गरम ठेवणारा उष्णतेचा पंप बंद, आणि विहिरीचा पंपही बंद, म्हणजे पाणीही गेलं. म्हणून डिसेंबरभर दोन-तीन झाकणाच्या बादल्या पाणी भरून ठेवा. सरकारने 2024 मध्ये घरोघरी पाठवलेल्या पुस्तिकेतही किमान आठवडाभर स्वतःच्या जिवावर राहता येईल एवढी तयारी ठेवा असं सांगितलंय. लाकडाची शेगडी असलेलंच घर घ्या. घेण्याआधी धुराड्याची तपासणी कधी झाली त्याचे कागद मागा, ते नसतील तर किमतीबद्दल बोलू नका. बर्चचं लाकूड निदान एक उन्हाळा वाळलेलं हवं, म्हणजे पहिल्या वर्षी ते विकतच घ्यावं लागणार. कोंबड्या पाळणार असाल तर त्यांचं पाणी गोठतं आणि त्यांना सुट्टी कळत नाही. तेव्हा चोवीस तारखेलाही सकाळ खुराड्यातच सुरू होईल. नाताळसाठी फरचं झाड स्वतःच्या रानातलं खुशाल तोडा. रानात फिरण्याची मुभा सगळ्यांना असली तरी दुसऱ्याचं झाड तोडायची नाही. गाडीला इंजिन गरम करणारी वायर बसवून घ्या.

खाण्याचं थोडक्यात. नाताळच्या टेबलावर डुकराचं मांस, हेरिंग मासे, मांसाचे गोळे हेच मुख्य. सासूबाई शाकाहारी असतील तर यानसन नावाच्या बटाट्याच्या पदार्थापासून सावध राहा. दिसायला नुसता बटाटा आणि साय, पण आत मासे असतात. दालचिनी घातलेली तांदळाची दाट खीर मात्र त्या आनंदानं खातील. तिच्यात एक बदाम लपवतात आणि एक वाटी लोककथेतल्या घर राखणाऱ्या बुटक्यासाठी बाहेर ठेवतात. लेकीला हे काम द्याच. पक्ष्यांसाठी ओटची पेंढीही दाराशी टांगा.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. 13 जानेवारीला क्नूटचा दिवस. मुलं झाडाभोवती नाचतात, झाडावरची मिठाई लुटतात आणि झाड घराबाहेर काढतात. मोसम संपला, खिडक्या पुन्हा काळ्या. दुसऱ्याच दिवशी, नाहीतर त्याच्या पुढच्या दिवशी, आपली संक्रांत! या दोन दिवसांचं असं जुळणं म्हणजे शेतावर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मिळालेली मोठी संधी आहे. क्नूटची मेजवानी तुमच्याकडे ठेवा, वर्गातल्या मुलांना बोलवा, आणि जाताना प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवा. इथे जानेवारीत कुणाकडेच काही नसतं, सगळे येतात. तिळाची आणि शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का ते मात्र पालकांना आधी विचारा, आणि शाळेत काही पाठवायचं तर शाळेला. बऱ्याच शाळांत शेंगदाणे-काजू चालत नाहीत. तीळ इथल्या दुकानात मिळतात, गुळासाठी स्टॉकहोमच्या भारतीय दुकानांतून नोव्हेंबरातच सोय करा.

म्हणून सासूबाईंना बोलवायचं तर 10 डिसेंबरच्या आसपास आणा आणि संक्रांतीनंतरच परत पाठवा. लुसिया आणि हळदीकुंकू दोन्ही मिळेल. युरोपभेटीच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. बॅगेत पेढे, बर्फी, तूप, ताजा कढीपत्ता नको. दूध-मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात आणायला बंदी आहे आणि ताज्या पाल्याला प्रमाणपत्र लागतं. हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाचे करंडे आणि वाणाच्या वस्तू आणू देत. लोकरीचे आतले कपडे मात्र तिकडून आणू नका, इथे आल्यावर त्यांच्या मापाचे घ्या.