तिसरीतली मुलगी गणित म्हटलं की रडते, वजाबाकीत अडते. शाळेतून 'पाया कच्चा' असा शेरा आलाय. खेळातून शिकवणारी खासगी शिकवणी लावावी का?

'पाया कच्चा' हे शब्द दिसले की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितोय. कुठला पाया, ते शेरा मारणारे कधीच सांगत नाहीत.

वजाबाकीत अडते म्हणताय, तर तिला एकच गणित घाला: ४०३ वजा १५८, उभी मांडणी. उत्तर २४५. पण ते चुकलं तर काय लिहून चुकलं, ते बघा.

३५५ आलं, तर ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतेय: आठातून तीन, पाचातून शून्य, चारातून एक. तिच्या लेखी ४०३ ही एक संख्या नाहीच, शेजारी शेजारी बसलेले तीन अंक आहेत. ३४५ आलं, तर उसनं घेणं तिला ठाऊक आहे. शून्याचे नऊ केले, पण शतकातला एक कमी करायचा राहिला. १५५ आलं, तर एककासाठी तिने शून्य ओलांडून थेट शतकातून घेतलं आणि दशकाची पाळी आल्यावर परत शतकालाच हात घातला.

तिन्ही वह्यांत लाल फुली सारखीच. आणि तिघींनाही घरी करायला तीच चाळीस गणितं! चुकीची रीत चाळीस वेळा गिरवली की ती पक्की होते, दुसरं काय होणार?

३५५ वालीसाठी खेळ असा. प्रत्येक खेळाडूला ५२ काड्या: दहा-दहाचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तितक्या काड्या द्यायच्या, ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. सुट्या पुरल्या नाहीत तर एकच गठ्ठा सोडायचा. सात पडले की दोन सुट्यांत भागत नाही. गठ्ठा सुटतो, बारा सुट्या होतात, सात जातात, चार गठ्ठे आणि पाच सुट्या उरतात. ४५. उसनं घेणं म्हणजे एवढंच.

खेळ बिघडतो तो बहुतेक मोठ्यांमुळे. मूल जरा थांबलं की आईबाबा गठ्ठा सोडून देतात, आणि नेमकं शिकायचं तेच त्यांच्या हातून होऊन जातं. एकच फासा घेतला तर गठ्ठा सुटायला जास्त वेळा फासा टाकावा लागतो. कागदाची घाईही नको. दोन-तीन डाव नुसते खेळा, मग प्रत्येक फाशानंतर लिहायचं, काड्या समोर ठेवून. त्यानंतर काड्या झाकून आधी लिहायचं आणि उघडून ताडायचं.

३४५ आणि १५५ साठी दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधा. असे दोन मोठे आणि तीन सुट्या, म्हणजे २०३. आठ द्यायचे तर आधी मोठा सोडावा लागतो, मग त्यातला एक लहान. मधल्या घरात नऊ का राहतात आणि शतक एकाने का घटतं, हे तिथे डोळ्यांसमोर घडतं. उत्तर १९५.

दहा गणितं केलीस की फुगा फुटणार, याला मी खेळ म्हणत नाही. ती लाच आहे. खेळाची चालच गणिताची हवी.

बोटांवर मोजू न देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, तेही इथेच उरकतो. बोटं बंद केली की मूल टेबलाखाली मोजतं, एवढाच फरक पडतो. बोटं सुटायला हवीत हे मान्य, पण ८ आणि ५ म्हणजे १० आणि ३ हे सुचायला लागलं की ती आपोआप सुटतात.

शिकवणीचं म्हणाल, तर लावण्याआधी चुकलेली वही त्यांच्यासमोर ठेवा. मुलीला 'हे कसं केलंस?' असं विचारून ऐकत बसले, तर लावा. लगेच सोप्या गणितांचा नवा संच काढला तर नको. रोज वीस मिनिटं देता येत असतील तर वरचं सगळं घरीच होतं.

दोन गोष्टी राहिल्या. पाठांतराला मी विरोध करत नाही: दोन, पाच, नऊ, दहाचे पाढे जमले आणि ७×८ म्हणजेच ८×७ हे कळलं की दहापर्यंतच्या पाढ्यांत पाठ करायचे गुणाकार पंधराच उरतात, ते करावेतच. आणि तिसरीतही तीन-चार ठिपके न मोजता ओळखता येत नसतील किंवा ६ मोठे की ९ यावर अडत असेल, तर काड्यांवर महिने घालवू नका. आधी डोळे तपासा, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा.