सोमवारी मॅडम परत येतील तेव्हा

अगं,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळीत टाकण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून लगेच रिप्लाय नाही दिला. तुझ्या मॅडमचा 19 वर्षांचा मुलगा गेला, सोमवारपासून त्या कामावर येताहेत आणि तू विचारतेयस की सर, त्यांच्याशी काय बोलू, चुकून काही वेडंवाकडं बोलले तर?

आधी मी काय घोळ घातलेत ते ऐक.

माझ्या शेजारच्या टेबलवर बसणाऱ्या मित्राची 9 वर्षांची मुलगी गेली. तो परत आला त्या दिवशी मी त्याला लिफ्टपाशी उभा असलेला पाहिलं आणि सरळ जिन्याकडे वळलो. गुडघे तेव्हाही बोंबलायचे, तरी चार मजले चढलो. मनाला सांगितलं, त्याला कशाला उगाच त्रास. साफ खोटं, त्याच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत मला होत नव्हती. पुढे दोनेक वर्षांनी असंच काहीतरी बोलत असताना तो म्हणाला, "तू जिन्याने गेलास ना त्या दिवशी, मी बघितलं होतं." रागाने नाही हं, आपण पाऊस पडला म्हणतो तसं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसरा घोळ चांगुलपणाच्या भरात घातला. एका सकाळी लवकर निघायचं होतं म्हणून मी त्याच्या गाडीत होतो, 7 वाजून 10 मिनिटांनी त्याच्या फोनवर स्कूलबसच्या ॲपचा मेसेज आला, मुलीचं नाव आणि पुढे, बस पाच मिनिटांत स्टॉपवर येत आहे. मुलगी जाऊन दीड महिना झाला होता. माझ्या पोटात गोळाच आला. त्याने बघितलं, फोन खाली ठेवला, गिअर टाकला, काही बोलला नाही. मी त्याच दिवशी त्याला न विचारता बसवाल्यांना फोन करून त्याचा नंबर लिस्टमधून काढायला लावला आणि आपण केवढं मोठं काम केलं अशा थाटात फिरत राहिलो. आठवड्याने त्याने विचारलं, मेसेज यायचे थांबलेत, तुला काही माहितीये का? मी जवळजवळ शाबासकीच्या अपेक्षेने हो म्हणालो. तो बराच वेळ फोन हातात फिरवत बसला, मग म्हणाला, "दिवसातून एकदा कुणीतरी तिचं नाव घेत होतं रे."

आता दुसऱ्या एखाद्या बापाला तोच मेसेज रोज सुरी लागल्यासारखा लागला असता आणि तो बंद केल्याबद्दल त्याने माझे हात धरले असते. आधी कळायला काही मार्ग नसतो, म्हणून विचारायचं. "हे मी करू का, चालेल का", एवढंच. आणि मॅडम नाही म्हणाल्या तर नाही, तोंड पाडायचं नाही.

बोलण्याचं म्हणशील तर लोक जे बोलतात ना, देवाची मर्जी, सुटला बिचारा, आता धाकटीकडे बघून सावरा, खंबीर रहा, काळ हेच औषध, ते नीट ऐकून बघ, त्यातलं निम्मं बोलणाऱ्याचीच घालमेल थांबावी म्हणून असतं. समोर दुःख उघडं पडलंय ते बघवत नाही म्हणून त्यावर पटकन झाकण टाकायचं. वाईट नसतात गं लोक, घाबरलेले असतात. तुला काहीच सुचलं नाही तर "मॅडम, काय बोलावं मला कळत नाहीये, पण तुम्ही आलात ते बरं झालं" हे पुरे आहे. त्या रडल्या तर रडू दे, पाण्याचा ग्लास आणायच्या निमित्ताने पळू नकोस. नाही रडल्या, आल्या आल्या मेल उघडून बसल्या, तरी "बघा, किती लवकर सावरल्या" असली कुजबूज करू नकोस आणि होऊ देऊ नकोस. काही माणसं दिवसभर काम करतात आणि पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून रडतात.

तू दुःखाच्या त्या पाच टप्प्यांचं पण विचारलंयस, नकार, राग वगैरे, मॅडम आत्ता कुठल्या टप्प्यावर असतील. ते डोक्यातून काढून टाक. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1969 मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. दुःख असं इयत्ता पास करत पुढे जात नाही. फ्रॉइडचीच गोष्ट घे, आख्ख्या जगाच्या मनाचा अभ्यास करणारा माणूस, त्याची मुलगी सोफी 1920 मध्ये फ्लूच्या साथीत गेली. 1929 मध्ये, ज्या दिवशी ती 36 वर्षांची झाली असती त्या दिवशी त्याने मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिलं की तीव्र शोक कधीतरी ओसरतो, पण आपलं सांत्वन होणार नाही, गेलेल्याची जागा घेणारं काही कधीच मिळणार नाही. नऊ वर्षं झाली होती तेव्हा. आणि आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात लोक म्हणतात, अजून नाही का सावरली.

मला त्याहून जवळची वाटते ती इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीची गोष्ट. 1968 मध्ये एकाच हॉस्पिटलमध्ये दोन मुलं गेली, तिथल्या तरुण पाद्रीने त्या दोन घरांची गाठ घालून दिली. त्याच्या लक्षात आलं की हे आईबाप एकमेकांना जो आधार देतात तो आपल्याला जमणारच नाही. त्यातून पुढच्या वर्षी मूल गमावलेल्या पालकांची संस्था उभी राहिली, आज ती कितीतरी देशांत आहे. म्हणजे धीर द्यायचा ज्याचा पेशा, त्यालाही कळलं की आपण जरा बाजूला व्हावं. तेव्हा "मी समजू शकते" हे वाक्य तू वापरू नकोस. नाही समजू शकत, तू नाही आणि मीही नाही.

मदत करायची तर "काही लागलं तर सांगा" म्हणू नकोस, ते कुणी सांगत नाही. नेमकं विचार, गुरुवारी तुमच्या धाकटीला क्लासहून मी आणू का, त्या क्लायंटचे फोन महिनाभर माझ्याकडे वळवू का. आणि पहिल्या पंधरा दिवसांत गर्दी असते, खरी उणीव चौथ्या महिन्यापासून भासते तेव्हा माणसं पांगलेली असतात, तर मुलाचा वाढदिवस आणि तो गेला ती तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेव, त्या दिवशी एक मेसेज कर, रिप्लायची वाट न बघता. धाकटीशीही बोलत जा, तिचा भाऊ गेलाय आणि सगळे तिला फक्त "आईला सांभाळ" एवढंच सांगत असतील. मॅडमचे मिस्टर भेटले तर त्यांनाही विचार तुम्ही कसे आहात, माझ्या मित्राला वर्षभर जो भेटेल तो विचारायचा, वहिनी कशा आहेत?

एक मात्र गंभीरपणे लक्षात ठेव. जगण्यात अर्थ नाही, मलाही त्याच्याकडे जायचंय, असं काही कानावर आलं तर ते दुःखात बोलतात म्हणून सोडून देऊ नकोस. सरळ विचार, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन खूळ भरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं, तिथे "कुणाला सांगू नको" हे वचन पाळायचं नसतं. आणि वर्ष उलटल्यावरही रोजचं उठणं-बसणं जमेना झालं तर त्यावर उपचार असतात, 2022 पासून तर त्याला आजार म्हणून रीतसर नावही आहे. पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम, तुझं नाही.

चुकशील तू, मी पण अजून चुकतो. चुकलीस तर सॉरी म्हण आणि दुसऱ्या दिवशी परत त्यांच्या टेबलपाशी जा.

आणि हो, तुझा मेसेज मी आत्ता परत वाचला. त्यात चार वेळा "मॅडमचा मुलगा" आहे, त्याचं नाव एकदाही नाही. माहीत नसेल तर सोमवारच्या आत कुणाला तरी विचारून घे.