पीयूसीनंतर वीस वर्षांनी बी.कॉम.?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहते. वय ३८. शाळा मराठी माध्यमाची. २००५ साली पीयूसी (म्हणजे बारावी) कॉमर्स झाले आणि लगेच लग्न. काही वर्षे पतसंस्थेची पिग्मी (लोकांची रोजची बचत) गोळा केली, आता त्याच संस्थेत रोजकीर्द आणि खतावणी सांभाळते. सेक्रेटरी म्हणतात, अकाउंटंटच्या जागेसाठी पदवी लागेल. ऑनलाइन बी.कॉम. करावे का? एकाने फोनवर सांगितले की एका वर्षात डिग्री मिळेल, परीक्षेला यायचीही गरज नाही. की सीए करावे? मुलगी यंदा पीयूसीत आहे. आता आईनेही कॉलेजात नाव घालायचे, याचा थोडा संकोच वाटतो.

उत्तर :

ताई, बी.कॉम. जरूर करा. नोकरी न सोडता करा. आणि त्या फोनवाल्याला आजच नकार कळवा.

आधी त्याच्याबद्दलच बोलू. बारावीनंतरची पदवी एका वर्षात देण्याचा अधिकार कुठल्याच विद्यापीठाला नाही. एका वर्षात मिळणारा कागद मागील तारखेचा तरी असतो, नाहीतर खोटा. उद्या संस्थेने पडताळणीला पाठवला तर जागा जाईल आणि हातात असलेली नोकरीही धोक्यात येईल. बरीच वर्षे लोकांनी विश्वासाने तुमच्या हाती रोजचे पैसे दिले आहेत. ते नाव अशा कागदापायी घालवू नका.

खरी पदवी घरी राहून मिळवता येते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्यता दिलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र ही मान्यता त्या वर्षासाठी आणि त्या अभ्यासक्रमासाठी आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर स्वतः पाहा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याच राज्यात घडलेले आहे. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१३-१४ पासून काही वर्षे नव्हती; ती २०१८-१९ पासून परत मिळाली. मधल्या वर्षांत नाव घातलेल्या मुलांना त्याचा फार त्रास झाला. आज तिथे प्रवेश घ्यायला काही हरकत नाही, पण नाव मोठे आहे म्हणून तपासणी टाळू नका.

सीमाभागातल्या माणसाच्या मनात इथे आणखी एक विचार येतोच : नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.कॉम. मराठीतून होते, मग तेच का नको? अडचण अशी की राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाचे अभ्यासकेंद्र आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाही. पुस्तके, संपर्कवर्ग, परीक्षा यांसाठी तुम्हाला दर वेळी हद्द ओलांडावी लागेल. पूर्ण ऑनलाइन पदवीला असे राज्याचे बंधन नाही. इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचे बी.कॉम. इंग्रजी किंवा हिंदीतून होते, म्हैसूरचे इंग्रजी किंवा कन्नडमधून.

माझे मत विचाराल तर इंग्रजी माध्यम घ्या. मराठीचे प्रेम मलाही आहे, पण जीएसटीचे पोर्टल, हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर, आयकराच्या नोटिसा हे सगळे कामकाज इंग्रजीत चालते. पीयूसीत तुम्ही अकाउंटन्सी शिकला आहात आणि रोज ती करताही. पुस्तकातले जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स उघडलेत की आपली कीर्द, खतावणी आणि तेरीजच समोर येईल. धडा मराठीत समजून घ्या, उत्तर इंग्रजीत लिहायचा सराव करा. पहिले सहा महिने जड जातील, तेवढे सोसा. कन्नड वाचनही सुधारा. सहकार खात्याची पत्रे त्याच भाषेत येतात आणि अकाउंटंटच्या टेबलावरच पडतात.

आता अभ्यासाकडे. वीस वर्षांत हिशेबाचे मूळ नियम बदललेले नाहीत, करांचे मात्र सगळेच बदलले. तुम्ही पीयूसी झालात तेव्हा जीएसटी नव्हता. तो १ जुलै २०१७ पासून आला. १९६१चा आयकर कायदा जाऊन त्या जागी २०२५चा नवा कायदा आला, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. म्हणून कराची जुनी पुस्तके कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

आपल्या भागात तर जीएसटी नीट येणाऱ्या माणसाला फार मागणी आहे. खानापूरच्या व्यापाऱ्याने धारवाडला माल विकला तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी लावायचा. तोच माल महाराष्ट्रातल्या चंदगडला गेला की राज्याबाहेरच्या विक्रीचा आयजीएसटी. चंदगडही जवळच, पण मध्ये राज्याची हद्द आहे. गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहायचे : २९ असेल तर कर्नाटक, २७ असेल तर महाराष्ट्र. इथे चूक झाली की कर चुकीच्या खात्यात भरला जातो, योग्य खात्यात पुन्हा भरावा लागतो आणि आधीचा परत मिळवायला अर्ज करत बसावे लागते. बेळगावच्या उद्यमबागेतले कारखाने असोत की निपाणीतले व्यापारी, दोन्ही राज्यांत रोज माल पाठवणाऱ्यांच्या ऑफिसात हे अचूक करणारा माणूस लागतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण) आणि २० तारखेला ३बी (कर भरण्याचे विवरण), ७ तारखेला टीडीएसचा (पैसे देताना कापलेल्या आयकराचा) भरणा, हे चक्र हातात बसले की पतसंस्थेपलीकडेही काम मिळेल. म्हणून पदवी पुरी होण्याची वाट न पाहता टॅली आणि जीएसटीचा छोटा वर्ग आधी करा. तो बेळगावात करायचा झाला तर कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसचे तिकीट तुम्हाला पडणार नाही.

सीएचा विचार आज बाजूला ठेवा. त्यात सीएच्या हाताखाली दोन वर्षांची पूर्णवेळ उमेदवारी (आर्टिकलशिप) आहे, म्हणजे नोकरी सोडावी लागेल, आणि तुमच्या पत्रावरून घराला तुमचा पगार लागतो असे दिसते. बी.कॉम.ला ५५ टक्के मिळवलेत तर पुढे सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता थेट दुसऱ्या टप्प्याला, इंटरमिजिएटला नाव नोंदवता येते. वयाची अट नाही. तेव्हा ठरवू.

प्रवेशाआधी एक काम करा, कारण बायकांचे अर्ज बहुधा इथेच अडतात. मार्कशीटवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, असे असणारच. आता प्रवेशाला एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) आणि डीईबी आयडी (दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) लागतात आणि ते आधारवरून निघतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. विद्यापीठ प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद मागते का, ते आधी विचारा. मार्कशीटवर बेळगाव आणि आधारवर बेळगावी असेल तर घाबरू नका, शहराचे नाव २०१४ साली अधिकृतपणे बदलले हे सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रवेश शक्यतो जुलैच्या सत्रात घ्या. मार्चअखेरची धांदल तोवर उरकलेली असते. ऑनलाइन म्हणजे परीक्षाही घरूनच, असे धरून चालू नका. परीक्षा कुठे आणि कशी होते हे विद्यापीठाला विचारून घ्या आणि त्या दिवसांच्या रजेबद्दल सेक्रेटरींशी आत्ताच बोला. त्यांनीच पदवीचा विषय काढला आहे, तेव्हा ‘पदवी झाल्यावर जागा देऊ’ हेही शक्य झाल्यास त्यांच्याकडून लेखी घ्या. काही विषय मागे राहिले तरी हरकत नाही. इग्नूसारख्या ठिकाणी तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते.

संकोचाचे म्हणाल, तर मुलीला विचारून पाहा. तिने कॉमर्स घेतले असेल तर तिच्या अकाउंटन्सीच्या पुस्तकातली पहिली काही प्रकरणे तुम्हाला उजळणीला लागणारच आहेत, आणि तिला कीर्द कशी लिहितात ते दाखवायला तुमच्याहून चांगले कोण मिळणार? मार्कशीट आणि आधार दोन्हींवरचे नाव मला कळवा, अर्जात नेमके कुठले लिहायचे ते मी सांगतो.